साडेसात किलो चांदी आणि दीड महिन्याचा खर्च

ताई,

तीन वर्षांपूर्वी आमच्या ह्यांची कंपनी एकाएकी बंद पडली. आठ महिने नोकरी नव्हती, घर साठवलेल्या पैशांवर चाललं. पुढे नोकरी लागली, पण तेव्हापासून ह्यांचा कशावरच भरवसा उरला नाही. नोकरीवर नाही, बँकेवर नाही, नोटांवर तर नाहीच. पगार झाला की थोडी चांदी घ्यायची, असं दीड-दोन वर्षं चाललंय. काही नाणी आहेत, काही शंभर ग्रॅमच्या लगडी, एक-एक किलोच्या दोन विटा. सगळी मिळून साडेसात किलो झाली. आमची निम्मी बचत आता त्यातच आहे. सगळं कपाटाच्या खालच्या कप्प्यात जुन्या लोकरी स्वेटरांत गुंडाळून, वर रबर लावून ठेवलंय. परवा उघडून पाहिलं तर काही नाणी काळी पडलेली. कस गेला की काय, या विचाराने झोप उडाली.

बचत खात्यात सध्या दीड महिन्याचा खर्च आहे. चार महिने निभावेल एवढी एक मुदत ठेव आहे. ती मोडून आणखी चांदी घ्यायची असं ह्यांनी ठरवलंय. म्हणतात, “वाईट दिवस आले की नोटांची रद्दी होते, चांदी चांदीच राहते. तिथे सरकारचाही हात पोहोचत नाही.” मी काही बोलले की “तुला यातलं कळत नाही” हे उत्तर तयार. मला खरंच कळत नाही, म्हणून विचारते. वाईट दिवसांत चांदी उपयोगी पडते का? ठेव मोडू द्यावी का? आणि घरात आहे ती खरी आहे ना, हे कसं बघायचं?

तुमची वाचक

ताई,

ठेव मोडू देऊ नका. हे आधी सांगून टाकते, बाकीचं सावकाश बोलू.

तुमच्या पत्रात आकडे बरेच आहेत, पण माझी नजर अडकली ती आठ महिन्यांवर. घरावर खरोखर वाईट दिवस आले होते तेव्हा ते आठ महिने कशावर निघाले? तुम्हीच लिहिलंय, साठवलेल्या पैशांवर. खात्यातून काढायचे आणि वाण्याला, शाळेला, डॉक्टरला द्यायचे, इतके साधे पैसे. यजमानांनी त्या अनुभवातून धडा घेतला तो मात्र उलटा. ज्याने तारलं तेच आता त्यांनी संपवत आणलंय. दुधाने तोंड पोळलेला माणूस ताक फुंकून पितो हे समजू शकते, पण इथे ताक ओतून द्यायची वेळ आली आहे. त्यांच्याशी बोलताना सुरुवात इथूनच करा. चांदी चांगली की वाईट या वादात शिरलात तर ते तुम्हाला चार गोष्टी ऐकवतील, आणि त्यातल्या तीन खऱ्या असतील.

कारण त्यांचं म्हणणं अगदीच निराधार नाही. चलनातला कस काढून घेण्याची राज्यकर्त्यांची खोड फार जुनी आहे. रोममध्ये ऑगस्टसच्या काळात चांदीचं नाणं जवळजवळ चोख होतं. इसवी सन २७० च्या सुमारास तिथल्या ‘चांदीच्या’ नाण्यात पाच टक्केही चांदी उरली नव्हती, वरून फक्त मुलामा. ब्रिटनमध्ये १९२० पर्यंत नाण्यांत ९२.५ टक्के चांदी असे. त्या वर्षी ती ५० टक्क्यांवर आणली आणि १९४७ पासून चांदी संपलीच, तांबं आणि निकेल आलं. अमेरिकेत १९६४ पर्यंतच्या पाव डॉलरच्या नाण्यात ९० टक्के चांदी, १९६५ पासून शून्य. लोक काय करायचे, तर नवी नाणी खर्चायची आणि जुनी डब्यात टाकायची. त्या डब्यातल्या जुन्या पाव डॉलरमध्ये साडेपाच ग्रॅमहून थोडी जास्त चांदी आहे, आणि धातू म्हणून त्याची किंमत छापील किमतीच्या कितीतरी पट आहे.

जर्मनीत नोव्हेंबर १९२३ मध्ये एका डॉलरला ४.२ लाख कोटी मार्क मोजावे लागत होते. आयुष्यभराची ठेव एका पावाच्या किमतीलाही पुरेना. तेव्हा ज्यांच्याकडे महायुद्धाआधीची चांदीची नाणी शिल्लक होती, त्यांच्या हातात निदान काहीतरी होतं. तेव्हा चलन सडत जातं अशा वाईट दिवसांत चांदी कामाला येते, हे मान्य करून टाका. नवऱ्याच्या दहा वाक्यांतलं एक आपण मोकळेपणाने मान्य केलं की उरलेल्या नवांवर बोलता येतं.

पण वाईट दिवस एकाच जातीचे नसतात. नोटांची रद्दी होणं ही गोष्ट एखाद्याच्या आयुष्यात कदाचित कधीच येत नाही. नोकरी जाणं, आजारपण, घरातलं माणूस अंथरुणाला खिळणं हे बहुतेक घरांत एकदा तरी येतंच. तुमच्याकडे येऊन गेलंय. आणि नेमक्या याच जातीच्या वाईट दिवसांत चांदी दगा देण्याची शक्यता सर्वांत जास्त.

का, ते बघा. सोनं मुख्यतः साठवलं जातं, चांदी मोठ्या प्रमाणावर वापरली जाते. चांदीच्या जागतिक मागणीतला निम्म्याहून जास्त हिस्सा कारखान्यांचा आहे: सौर पॅनेल, इलेक्ट्रॉनिक्स, विजेचे संपर्कबिंदू, डाग देण्याचे, म्हणजे धातूचे तुकडे जोडण्याचे, मिश्रधातू. वीज आणि उष्णता वाहून नेण्यात तिच्याइतका चांगला दुसरा धातू नाही, म्हणून ती लागते. आता मंदी आली, कारखाने थंडावले, की ही मागणी आटते. म्हणजे ज्या कारणाने माणसांच्या नोकऱ्या जातात, त्याच कारणाने चांदीचा भाव पडतो. दोन्ही एकाच वेळी. पुरवठ्याची बाजूही अशीच अडेलतट्टू आहे. निव्वळ चांदीसाठी चालणाऱ्या खाणी थोड्या. बहुतेक चांदी शिसं-जस्त, तांबं आणि सोनं काढताना सोबत निघते. भाव चढला म्हणून ती लगेच जास्त येत नाही, पडला म्हणून कमीही होत नाही. त्यामुळे भाव हळूहळू सरकत नाही, उसळतो नाहीतर आपटतो.

२००८ साल घ्या. मार्चमध्ये चांदी एका औंसाला २० डॉलरच्या वर होती. (हा औंस म्हणजे ट्रॉय औंस, ३१.१ ग्रॅम. जगाचा भाव डॉलर आणि औंसात बोलला जातो म्हणून आकडे तसे देते.) ऑक्टोबरमध्ये ती ९ डॉलरच्या आसपास आली. बँका कोसळत होत्या, माणसं घरी बसत होती, आणि ‘संकटातला आधार’ सात महिन्यांत निम्म्याहून खाली. मार्च २०२० मध्ये पुन्हा तेच. जग बंद पडलं आणि चांदी १२ डॉलरच्याही खाली गेली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ती दुपटीहून वर पोहोचली होती. म्हणजे ज्याला पाच महिने थांबता आलं त्याची चांदी झाली. ज्याला मार्चमध्येच घरभाडं भरायचं होतं, त्याने सगळ्यात वाईट भावाला विकली. गरजवंताला अक्कल नसते म्हणतात. माझ्या मते अक्कल असते, वेळ नसतो. आणि चांदी ज्याच्याजवळ वेळ आहे त्याच्याच बाजूने उभी राहते.

म्हणून खात्यातला पैसा आणि चांदी या एकमेकींच्या जागा घेणाऱ्या गोष्टी नाहीत. खात्यात आठ महिन्यांचा खर्च असेल, तर चांदी हवी तितकी पडली तरी तुम्ही कपाट बंद ठेवू शकता. खातं रिकामं असेल, तर तीच चांदी बाजार म्हणेल त्या भावाला टाकावी लागते. सल्लागार मंडळी सहा महिन्यांचा खर्च बाजूला ठेवा म्हणतात. तुमच्या घराला मी आठ सांगेन, कारण तुम्ही ते आठ महिने प्रत्यक्ष काढलेत. आज तुमच्याकडे दीड अधिक चार, साडेपाच आहेत. अडीच कमी पडतात. ठेव मोडली तर साडेसहा कमी पडतील.

तिसरी जात बँका बंद होण्याची. ही भीती यजमानांच्या मनात नक्की असणार. असं घडलेलं आहे. मार्च १९३३ मध्ये अमेरिकेतल्या सगळ्या बँका काही दिवस सरकारी हुकमाने बंद होत्या. मार्च २०१३ मध्ये सायप्रसमध्ये बँका जवळजवळ दोन आठवडे उघडल्या नाहीत, आणि उघडल्यावरही पैसे काढण्यावर मर्यादा होती. पण त्या दोन आठवड्यांत कशाची चणचण होती? नोटांची. दुकानदार सुट्या नोटा मागत होते. एक किलोची वीट घेऊन कोणी दुकानात उभं राहिलं असतं तर दुकानदाराने ती तोलायची कशी, पारखायची कशी आणि उरलेले पैसे परत द्यायचे कुठून? या प्रसंगासाठी उपाय फार स्वस्त आहे: पंधरा-वीस दिवस चालतील एवढ्या लहान नोटा घरात ठेवणं.

चौथी जात म्हणजे घरदार सोडून निघावं लागणं. देव करो आणि न होवो. पण ‘उद्या पळायची वेळ आली तर’ हे वाक्य चांदीच्या चर्चेत हमखास येतं, म्हणून हिशेब करून टाकू. सोन्या-चांदीच्या भावाचं गुणोत्तर, म्हणजे एका ग्रॅम सोन्याच्या किमतीत किती ग्रॅम चांदी येते तो आकडा, सारखं हलत असतं. १९८० च्या जानेवारीत ते १७ च्या आसपास होतं, २०११ मध्ये ३० च्या थोडं वर, मार्च २०२० मध्ये १२० च्याही पुढे. मधला म्हणून ८० धरू. म्हणजे तुमच्या साडेसात किलो चांदीच्या किमतीत साधारण ९४ ग्रॅम सोनं बसेल. ते ९४ ग्रॅम सोनं चहाच्या एका चमच्यात मावतं. साडेसात किलो चांदी घेऊन मात्र एका हातात पिशवी आणि दुसऱ्या हातात मूल असं फार लांब जाता येत नाही. १९७५ नंतर व्हिएतनाममधून होड्यांतून निसटलेल्या लोकांनी होडीत जागा मिळवायला सोन्याची पानं दिली. चांदी नव्हे.

राहता राहिला सरकारचा हात. तो पोहोचतो. ऑगस्ट १९३४ मध्ये राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी हुकूम काढला आणि अमेरिकेतल्या लोकांना चांदीच्या विटा ठरलेल्या भावाने सरकारी टाकसाळीत जमा कराव्या लागल्या. नाणी, दागिने, भांडी यांना सूट होती. पुढच्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये चीनने चांदीचं चलन बंद करून लोकांकडची चांदी नोटांच्या बदल्यात घेतली. आता रोज असं होतं असं मी म्हणत नाही. पण ‘हात पोहोचत नाही’ हे वाक्य इतिहासाला धरून नाही, एवढं त्यांना सांगा.

आणि एक गोष्ट जी चांदीचे गोडवे गाणारे सांगत नाहीत. जानेवारी १९८० मध्ये चांदी ५० डॉलरच्या जवळ पोहोचली होती. नेल्सन बंकर हंट आणि विल्यम हर्बर्ट हंट या टेक्सासच्या दोन भावांनी वायदे बाजारात आणि प्रत्यक्षात अफाट चांदी गोळा केली होती, त्यातली बरीच उधारीवर. बाजाराने नियम आवळले आणि २७ मार्च १९८० ला एकाच दिवसात भाव निम्मा होऊन ११ डॉलरच्या आत आला. ज्याने जानेवारीत माथ्यावर चांदी घेतली, त्याला तोच आकडा पुन्हा दिसायला ३१ वर्षं लागली. तेही एप्रिल २०११ मध्ये भाव कसाबसा ४९ च्या जवळ जाऊन परतला. पन्नाशी नीट ओलांडली ती ऑक्टोबर २०२५ मध्ये. पंचेचाळीस वर्षांत डॉलरची स्वतःची किंमत किती घसरली, ते यजमानांना ठाऊक असेलच, त्यांचाच मुद्दा आहे तो. चलन सडत असतानासुद्धा चांदी अर्धं आयुष्य मागे राहू शकते. आणि हे दरवेळी सट्टेबाजांमुळेच होतं असंही नाही. १८७० च्या दशकात जर्मनी आणि अमेरिका चांदी सोडून सोन्याकडे वळले. तोवर एका ग्रॅम सोन्याला साडेपंधरा ग्रॅम चांदी मिळे, ती वीस-पंचवीस वर्षांत तीस ग्रॅमहून अधिक मिळू लागली. त्यात कोणाची लबाडी नव्हती. मोठी गिऱ्हाइकं उठून गेली, इतकंच.

मग किती असावी? कर्ज डोक्यावर नसेल आणि आठ महिन्यांची बेगमी झाली असेल, तर बचतीतला पाच ते दहा टक्के हिस्सा सोनं-चांदी धरून धातूत असायला माझी हरकत नाही. निम्मा हा हिस्सा म्हणजे विमा नव्हे, पैज आहे. मात्र असलेली चांदी घाबरून उद्याच विकू नका. खरेदी थांबवा. दर महिन्याला चांदीकडे जाणारी रक्कम खात्याकडे वळवा, आठ महिन्यांचा आकडा भरेपर्यंत. भाव चांगला असेल तर दोन विटांपैकी एक मोडून हा खड्डा लवकर बुजवता येईल, आणि मला विचाराल तर मी तेच करेन. पण हे यजमानांच्या गळी पहिल्याच दिवशी उतरणार नाही. आधी ठेव वाचवा.

आता तुमच्या काळ्या पडलेल्या नाण्यांकडे येते. कस गेलेला नाही. चांदीवर जो काळा थर चढतो तो गंज नव्हे. हवेतल्या किंवा आसपासच्या वस्तूंतल्या गंधकाशी चांदीची क्रिया होऊन पृष्ठभागावर सिल्व्हर सल्फाइडचा अगदी पातळ थर बसतो. आतला धातू जसाच्या तसा असतो, वजनातही फरक पडत नाही म्हणावं इतकं. पण तुम्ही ठेवलीत ती जागा मात्र गंधकाचं माहेरघर आहे. लोकरीत गंधक असतं आणि रबर गंधक घालूनच पक्कं केलेलं असतं. स्वेटर आणि रबर दोन्ही आजच काढा. साध्या पॉलिथिनच्या घट्ट बंद होणाऱ्या पिशव्या घ्या. वास येणाऱ्या मऊ पीव्हीसीच्या नकोत, त्यातून निघणारी द्रव्यं नाण्यावर हिरवट चिकट डाग पाडतात. आत ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या टाका. नाण्याला कडेने धरा. आणि कृपा करून घासूनपुसून चकचकीत करू नका. पॉलिश लावून घासताना थोडी थोडी चांदीच निघून जाते, आणि नाण्यावरची बारीक नक्षी पुसट झाली की घेणारा नाक मुरडतो.

खरी आहे का, हे बऱ्याच अंशी घरी कळतं. एक दशांश ग्रॅमपर्यंत मोजणारा छोटा डिजिटल काटा लागेल. शंभर ग्रॅमची लगड आधी कोरडी तोला. मग काट्यावर पाण्याने भरलेला ग्लास ठेवून आकडा शून्यावर आणा. लगडीला बारीक दोरा बांधा आणि ती पाण्यात पूर्ण बुडेल पण तळाला किंवा कडेला टेकणार नाही अशी हाताने अधांतरी धरा. बुडबुडे चिकटले असतील तर हलकेच झटका. काट्यावर जो आकडा दिसेल, तो लगडीने बाजूला सारलेल्या पाण्याचं वजन. चोख चांदीची घनता १०.४९ आहे, म्हणून शंभर ग्रॅमला साडेनऊ ग्रॅमच्या आसपास दिसायला हवं. आत तांबं असून वर मुलामा असेल तर ११.२ च्या जवळ दिसेल. शिसं असेल तर ८.८. हात स्थिर नसला की आकडा नाचतो, म्हणून दोन-तीनदा करा.

लबाड माणूस तांबं आणि जड शिसं यांचं प्रमाण जमवून घनता बरोबर आणू शकतो, म्हणून दुसरी चाचणी चुंबकाची. चांदी चुंबकाला चिकटत नाही हे अनेकांना माहीत असतं, पण तांबं आणि शिसंही चिकटत नाही, तेव्हा तेवढ्याने काही सिद्ध होत नाही. ताकदीचा निओडिमियम चुंबक घ्या, लगड तिरकी धरा आणि त्यावरून चुंबक सोडा. चांदीवरून तो कोणीतरी मागे धरल्यासारखा संथ उतरतो, कारण सरकत्या चुंबकामुळे धातूत वीज फिरते आणि ती त्याला अडवते. शिशाच्या मिश्रणावरून तो भर्रकन घसरतो. तांब्यावरूनही संथच उतरेल, पण तांबं पाण्यात पकडलं गेलेलं असतं. दोन्ही चाचण्यांतून सुटणारा स्वस्त बनाव करणं कठीण. किलोच्या विटांसाठी मात्र घरच्या चाचणीवर थांबू नका, कस तपासणाऱ्या केंद्रात क्ष-किरण यंत्राखाली धरून घ्या. तेही यंत्र वरच्या थराचंच बघतं, म्हणून पाण्याची चाचणी विटांनाही कराच.

पुढे कधी घ्यायचीच झाली तर ९९९ कसाच्या, वजन आणि क्रमांक ठोकलेल्या लगडी किंवा साधी नाणी घ्या. भांडी, मूर्ती, शोभेच्या वस्तू बचत म्हणून नकोत. घडणावळ जाते, जोडाला दिलेल्या डागापोटी घट धरली जाते, आणि स्टर्लिंग म्हणून मिळणाऱ्या वस्तूंत मुळात साडेसात टक्के दुसरा धातू असतो. ‘मर्यादित आवृत्ती’ची सजवलेली नाणीही नकोत. मोठी वीट ग्रॅममागे स्वस्त पडते, पण अडीअडचणीला अर्धी विकता येत नाही. कापली तर तिच्यावरच्या ठशाला अर्थ राहत नाही आणि घेणारा पुन्हा कस लावून मागतो. म्हणून शंभर ग्रॅमचे तुकडे बरे.

ठेवण्याबद्दल इतकंच: सगळी एका जागी नको. थोडी घरात, बाकीची लॉकरमध्ये. बँका बंद झाल्या तर लॉकरही बंद, हे धरून चाला. घराचा विमा असेल तर त्यात धातूची नाणी आणि लगडी येतात का ते कागदावर वाचा, बऱ्याचदा येत नाहीत. पावत्या चांदीजवळ ठेवू नका, दोन्ही एकदम गेली तर तक्रारही नीट करता येत नाही. आणि यजमान मित्रमंडळींत या साडेसात किलोबद्दल बोलत असतील तर ते आधी बंद करा. कुलपाहून ते महत्त्वाचं आहे. घरातल्या दोघांना मात्र सगळं माहीत हवं. किती, कुठे, कितीला घेतली, कुणाकडून, हे एका वहीत आणि दोघांच्या समजुतीने. उद्या त्यांना काही झालं तर तुम्ही स्वेटर समजून तो गठ्ठा देऊन टाकाल, अशी आज स्थिती आहे.

“तुला यातलं कळत नाही” याला उत्तर देण्याच्या फंदात पडू नका. एक प्रस्ताव ठेवा: पुढची खरेदी करण्याआधी, आहे त्यातली एक शंभर ग्रॅमची लगड विकून बघूया. गरज नसताना, ऐन सवडीत, दोघांनी मिळून. दोन-तीन ठिकाणी विचारा. त्या दिवशीचा बाजारभाव आधी लिहून घ्या. मग ते कस किती धरतात, वजावट किती करतात, पावती मागतात का, ओळखपत्र मागतात का, पैसे हातात की खात्यात आणि किती दिवसांनी, हे सगळं त्या वहीत उतरवा. १०० चा धातू घडणावळ, कर, नफा धरून ११० ला पडला असेल आणि विकताना ९५ मिळत असतील, तर निव्वळ मुद्दल सुटायला भाव १६ टक्के चढावा लागतो. हे मी सांगून त्यांना पटणार नाही, समोरच्या माणसाने कॅल्क्युलेटर पुढे सरकवला की पटेल. कदाचित तुमच्या गावी वजावट कमी निघेल आणि ते खूश होतील. तसं झालं तर त्यांना होऊ द्या खूश. मिळालेले पैसे तेवढे त्याच दिवशी खात्यात भरा.